लोकूमलचं कार्ड

खोटं कशाला बोलू? आयुष्यात मी एकाच माणसावर जळलो. पण असा जळलो की दुसऱ्या कोणावर जळायला काही शिल्लकच राहिलं नाही. लोकूमल त्याचं नाव. देवळीच्या आमच्या जिनात तो मिस्त्री म्हणून आला, आणि त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखू लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही. आता तो कुठं असेल, असेल की नसेल, देव जाणे. जिनात आमच्याबरोबर असलेल्या चंद्रभागेची नात परवा म्हणाली, "आजोबा, त्याईच्याबद्दल काही चांगलं लिहा ना." चांगलं जमेल की नाही सांगत नाही. खरं लिहितो.

मी नामदेव मिस्त्री. सातवीपर्यंत शिकलो, म्हणून हात पुस्तकातलं मराठी लिहितो. तोंड मात्र वऱ्हाडीच आहे. कुठं मिसळलं तर चालवून घ्या.

जीन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. आमच्याकडं एका रांगेत बारा रेचे होते, म्हणजे सरकी काढायची यंत्रं. प्रत्येक रेच्यासमोर एक बाई उभी राहून कापूस टाकायची, इकडून रुई उडायची, खालून सरकी पडायची. रेच्यात चामड्याचा रूळ फिरतो आणि त्याला लागून एक पातं असतं. रूळ कापूस ओढतो, पातं सरकी अडवतं. त्या दोघांमध्ये फट किती ठेवायची, यातच सगळी मिस्त्रीगिरी आली. फट कमी पडली की चामडं जळतं, जास्त झाली की सरकी फुटून रुईत जाते आणि शेठच्या शिव्या खाव्या लागतात.

ती फट मोजायला माझ्याकडं एक पत्र्याची पट्टी होती. बोटभर लांब, पुठ्ठ्याएवढी जाड. आमचे जुने हेडमिस्त्री पांडोबा यांनी डोळे गेल्यावर ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कोणाले दाखवू नको, नामदेव. मिस्त्रीची पट्टी म्हंजे मिस्त्रीची भाकर." मी ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचो. पातं बसवायचं झालं की आधी सगळ्या बायांना बाहेर काढायचो, दार ओढून घ्यायचो आणि मगच पट्टी काढायचो. बाहेर बाया आपसात म्हणायच्या, नामदेवभाऊचा हात म्हणजे हातच! मला बरं वाटायचं.

पांडोबा वारले आणि हेडमिस्त्रीची जागा रिकामी झाली. दसऱ्याला जिनात मशिनींची पूजा असायची आणि पहिल्या रेच्यावर नारळ फोडायचा मान हेडमिस्त्रीचा. शेठ म्हणाले, "दसऱ्याला पाहू." म्हणजे नारळ माझाच, हे अख्ख्या देवळीला माहीत होतं. माझी बायको गिरजा तर शेजारणींना सांगून मोकळी झाली होती.

त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला शेठ नागपूरला गेले आणि येताना लोकूमलला घेऊन आले. पाकिस्तान होऊन चारपाच वर्षं झाली असतील. शेठ म्हणाले, "निर्वासित आहे. तिकडं मीरपूरखासच्या जिनात मिस्त्री होता. दोन महिने राहील, मशिनी नीट करून देईल." लांबलचक माणूस, पाठीत वाकलेला, अंगात मळकट बंद गळ्याचा कोट. तो कोट त्यानं पुढं चैत्र-वैशाखातही सोडला नाही. दोन्ही कानांनी अधू. रेच्यांपाशी वीस वर्षं काढली की कान जातात, माझेही आता गेलेच आहेत. पण तेव्हा मी मनात हसलो. बहिरा मिस्त्री! याला काय कळणार मशीन कुठं दुखते ते?

सात नंबरचा रेचा त्या वर्षी चामडं खात होता. मी दोनदा पट्टी लावून पाहिली होती, उपयोग नाही. लोकूमलनं तो चालू करायला लावला. खिशातून वीतभर लांबीची कडुनिंबाची काडी काढली. एक टोक मशिनीवर टेकवलं, दुसरं दातात धरलं आणि डोळे मिटून उभा राहिला. बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी त्याला विचारलं, "हे काय करून राह्यला बे?" त्याला ऐकू गेलं नाही. घटकाभरानं डोळे उघडून तो म्हणाला, "अदा, ये जुना नहीं है. बायीं तरफ लंगडा है. सुनो."

अदा म्हणजे भाऊ. तो सगळ्यांनाच अदा म्हणायचा, आणि बायांना अदी.

त्यानं काडी कोटाला पुसून माझ्यापुढं धरली. दुसऱ्याच्या तोंडातली काडी मी का म्हणून तोंडात घेऊ? मी मान फिरवली. तशी त्यानं ती शेजारी उभ्या असलेल्या चंद्रभागेपुढं धरली. सात नंबरवर कापूस टाकायची ती. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तिच्या वस्तीतल्या बायांना आमच्या जिनातल्या रांजणाचं पाणीसुद्धा वरून ओंजळीत मिळायचं. आणि हा माणूस आपल्या तोंडातली काडी तिला देत होता! सगळ्यांचं हसू थांबलं. चंद्रभागेनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि काडी घेऊन दातात धरली. मग तिचे डोळे हे एवढे झाले.

"माय वं! अंदर कोणी दात खाऊन राह्यलं!"

"वाह, अदी!" लोकूमल म्हणाला. काडी परत घेतली आणि तशीच आपल्या दातात धरली. पुसलीसुद्धा नाही.

मग त्यानं रेचा थांबवला, पातं सैल केलं आणि कोटाच्या खिशातून एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. कॅम्पात सरकारनं दिलेलं निर्वासिताचं कार्ड. त्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि शिक्का. ते कार्ड त्यानं पात्याच्या फटीत सरकवलं, डावीकडं अडलं, उजवीकडं पडलं. "देखो, देखो, सब आओ," म्हणत त्यानं झाडणाऱ्या बाईलासुद्धा बोलावलं. मी ज्याच्यासाठी दार लावायचो ते हा बाजारात मांडल्यासारखं दाखवत होता. स्क्रू कसा फिरवायचा, कार्ड कुठं अडलं पाहिजे, सगळं. रेचा चालू झाला. आवाज बदललेला मलाही कळला. चंद्रभागा माझ्या देखत म्हणाली, "अवं बाप्पा, इतलंच असते काय?"

त्या "इतलंच"नं माझी झोप उडवली.

दोन महिन्यांत त्यानं अख्खं जीन आपलंसं केलं. बारा रेच्यांना आम्ही नंबरानं ओळखायचो. त्यानं त्यांना आपल्या तिकडच्या रेल्वे लाईनवरच्या स्टेशनांची नावं दिली. एक नंबर मीरपूरखास, पाच नंबर टंडो आदम, सात नंबर शहदादपूर, नऊ नंबर नवाबशाह. बायांना गंमत वाटली. महिन्याभरात त्या एकमेकींना सांगायला लागल्या, "आज शहदादपूर मस्त चालून राह्यलं वं, पन नवाबशाह लय धूळ उडवते." देवळी सोडून कधी शेजारचं पुलगावसुद्धा न पाहिलेल्या बाया! मी हट्टानं नंबरच म्हणायचो. मी पाच नंबर म्हटलं की त्या विचारायच्या, "कोनता? टंडो आदम काय?"

जिनात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडं लोखंडी नळीवर हातोड्याचे ठोके द्यायची रीत होती. एक ठोका म्हणजे थांबव, दोन ठोके म्हणजे चालू कर. ठोका द्यायचा अधिकार फक्त मिस्त्रीला. लोकूमलचे ठोके मी अजून ओळखीन. पहिला जोरात आणि दुसरा हलका, दार वाजवून मग संकोच वाटावा तसा.

जिनाच्या मागं त्याला एक खोली दिली होती. तिथं कोणी गेलं की आधी निखाऱ्यावर भाजलेला पापड आणि पेलाभर पाणी पुढं यायचं. सिंधी लोकांची रीत ती. पाहुण्याला पापड-पाणी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही दिलं. पापड काय झकास होता, मिऱ्याचा! घरी येऊन मी गिरजेला सांगितलं, काही दम नव्हता.

गिरजा मात्र सोडायची नाही. "काऊन जी, तो सिंधी दसऱ्यापर्यंत राह्यते म्हंते खरं?"

"दोन महिने बोलला शेठ."

"दोन महिन्यात त्यानं बायाईले मिस्त्री केलं. तुमी बारा वर्सात कोनाले काय शिकवलं?"

"शिकवलं असतं तर आज माही जागा राह्यली असती काय?"

"आता तं राहून राह्यली ना!" म्हणून ती फणकाऱ्यानं उठून गेली. बायकोनं असं बोलल्यावर भाकर गोड लागते का?

मी बराच विचार केला. विचार कसला, आग होती ती. एकदा जेवणाच्या सुट्टीत कोणी नसताना त्याची काडी दातात धरून पाहिली. नुसती गुणगुण. माझेच दात वाजले. तेव्हा माझी खात्री झाली की काडी हे नाटक आहे, खरी करामत त्या कार्डात आहे. माझी मिस्त्रीगिरी पट्टीत, तशी त्याची कार्डात. साधी गोष्ट! माझी पट्टी कोणी नेली असती तर मी रडत घरी बसलो असतो. तोही बसेल, असं मला वाटलं. हसू नका. आम्हा मिस्त्री लोकांना तेव्हा असंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला. कोट खुंटीवर होता. मी कार्ड काढलं, बंडीत घातलं आणि घरी नेऊन पेटीच्या तळाशी ठेवलं.

तो आला, खिसा चाचपला, इकडं तिकडं पाहिलं. मी बाजूला उभा. नवाबशाहचं, म्हणजे नऊ नंबरचं पातं उघडं पडलेलं. लोकूमलनं डोकं खाजवलं आणि शेजारच्या इंजिनवाल्याकडं हात पसरला. त्यानं विडीच्या कट्ट्यावरचा कागद दिला. लोकूमलनं कागदाला घड्या घातल्या, एक, दोन, तीन, बोटांत चुरून पाहिलं, आणखी एक घडी घातली आणि तो फटीत सरकवला. पातं बसलं. रेचा चालू. पहिला ठोका जोरात, दुसरा हलका.

करामत कार्डात नव्हती. पट्टीतही नव्हती मग.

चार दिवसांनी कल्याणच्या कॅम्पातून त्याच्या धाकट्या भावाचं पत्र आलं. शेठनंच वाचून दाखवलं. भाऊ, त्याची बायको, तीन पोरं आणि यांची म्हातारी आई एका खोलीत दाटीवाटीनं राहत होती. आता शेजारची खोली लोकूमलच्या नावानं लागली होती. पंधरा दिवसांत कार्ड दाखवून ताबा घ्या, नाही तर दुसऱ्याला जाईल.

लोकूमलचा चेहरा फुलला. आणि मग त्याचा हात कोटाच्या खिशाकडं गेला.

अख्ख्या जिनानं कार्ड शोधलं. बायांनी सरकीचा ढीग हातांनी उपसला, चाळला. रुईत हात घालून पाहिलं. आणि सगळ्यांत जास्त कोणी शोधलं? मी! गुडघ्यांवर बसून रेच्यांच्या खाली रांगत होतो. चंद्रभागा म्हणाली, "नामदेवभाऊ, तुमाले घाम आला, पानी घ्या." मी पाणी प्यायलो.

आता तुम्ही म्हणाल, अरे मूर्खा, तुला तर तो जायलाच हवा होता! कार्ड टाकून द्यायचं कुठंतरी, तो कल्याणला, तू हेडमिस्त्री. मला का हे सुचलं नसेल? घरी धावत गेलो, कार्ड घेऊन आलो. पण तोवर ढीग दोनदा चाळून झाला होता. कोट उलटासुलटा करून झाला होता. शेठ ओरडत होते, "ज्याच्याकडं निघेल त्याला पोलिसात देईन!" आता ते सापडलं असतं तर ज्याला सापडलं तोच चोर. मी भ्यालो. भ्यालो म्हणून ते कार्ड परत पेटीत गेलं.

लोकूमल शेठना म्हणाला, "चोर यहाँ कोई नहीं, सेठजी. मेरा ही खीसा फटा हुआ." खिसा धड होता, मी पाहिला होता.

नवं कार्ड मिळायचं तर पहिलं कार्ड जिथं मिळालं त्या कॅम्पाच्या वहीत नाव सापडायला हवं होतं, आणि तो कॅम्प कधीच मोडला होता. पंधरा दिवस गेले. खोली गेली. भावाच्या एका खोलीत सहा माणसं मावेनात, म्हणून लोकूमलनं आईला देवळीला आणलं. आणि शेठना काय, आयताच चांगला मिस्त्री कायमचा मिळाला. दसऱ्याला त्यांनी पहिल्या रेच्यासमोर नारळ लोकूमलच्या हातात दिला.

माझ्या हातानं मी त्याला देवळीत ठेवून घेतलं होतं. नारळाचं पाणी माझ्या पायावर उडालं.

त्याच्या आईला सगळे अम्मा म्हणायचे. चिमणीएवढा जीव, डोळ्यांनी अंधुक दिसायचं, भिंत धरून चालायची. मराठीचा गंध नाही. पहिल्या दिवशी मी गेलो तर तिनं पापड-पाणी ठेवलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाही. चौथ्या-पाचव्या वेळी मी पापडाची वाट पाहत बसलो तर तिनं चुलीवरची गरम कोकी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. कोकी म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी. मी लोकूमलला विचारलं, "आज पापड नाई?" तो हसला. "पापड मेहमान को. तू मेहमान है क्या?" अम्मा मला पुट म्हणायची. पुट म्हणजे लेक. तुम्हाला सांगतो, मी ती कोकी चार वर्षं खाल्ली आणि दर घासाला पेटीतलं कार्ड मला आठवलं. पण देऊन टाकलं नाही. जितके दिवस जात तितकं देणं अवघड होत जाई. आणि खरं सांगू? जळणंही थांबलं नव्हतं. अम्मा लोकूमलच्या डोक्याला तेल लावायची तेव्हाही मी जळायचो.

मधूनच ती लोकूमलला काहीतरी विचारायची. कल्याणची पोरं केवढी झाली असतील ते विचारते, असं तो सांगायचा. हातानं जमिनीपासून उंची दाखवायची. दर वर्षी हात थोडा वर जायचा.

चंद्रभागेला त्यानं हळूहळू सगळं शिकवलं. पातं, रूळ, तेलपाणी. मला एकदा म्हणाला, "अदा, तेरी पट्टी मेरे कागज से अच्छी. लोहा भीगता नहीं. ऐसी बारा बना दे, हर बाई के पास एक."

"पांडोबाची शपथ हाय मले."

"पांडोबा को मैं नहीं जानता," तो म्हणाला. "चंद्रभागा को जानता हूँ." मी उठून चालता झालो.

मग पौषातली ती दुपार. कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत लागल्या होत्या, अंगणात कापसाचे डोंगर. लोकूमल शेठकडं गेलेला, जीन माझ्या ताब्यात. चंद्रभागा माझ्याकडं आली. हातात काडी.

"नामदेवभाऊ, टंडो आदमचा बुश गरम होऊन राह्यला."

"तुले कोनी मिस्त्री केलं वं? जाय, कापूस टाक."

"तुमी आयकून तं पाहा."

"जाय म्हनलं ना!"

ती गेली. पण रेच्याकडं नाही. नळीपाशी गेली, हातोडा उचलला आणि एक ठोका दिला. एकच. इंजिनवाल्यानं पट्टा उतरवला, सगळे रेचे थांबले. त्या शांततेत मी कसा ओरडलो ते मलाच ऐकू आलं. काय काय बोललो! जातीवर गेलो. ते शब्द इथं लिहीत नाही. ती हातोडा धरून उभी राहिली, मान खाली घातली नाही.

शेठ आणि लोकूमल धावत आले. लोकूमलनं पाच नंबरच्या बुशाला, म्हणजे रुळाचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला, बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. मागच्या बाजूला साचलेली रुई भाजलेल्या दाण्यासारखी तांबूस झाली होती. थोडा वेळ आणखी, आणि जीन, अंगण, गाड्या, त्या बाराही बाया... शेठ घाम पुसत म्हणाले, "ठोका कोणी दिला?"

मिस्त्रीशिवाय ठोका देणाऱ्याची नोकरी जायची.

"मिस्त्रीनं," लोकूमल म्हणाला.

"कोणत्या मिस्त्रीनं?"

त्यानं चंद्रभागेकडं बोट दाखवलं.

शेठनं तिला रेच्यावरून काढलं आणि बाराही मशिनींच्या तेलपाण्यावर घातलं. आमच्या जिनात बाईला असं काम कधी मिळालं नव्हतं. पुढं तिच्या वस्तीतल्या लोकांनी दीक्षा घेतली त्या वर्षी ती पांढरं लुगडं नेसून जिनात आली. रांजणापाशी गेली, स्वतःच्या हातानं पेला बुडवून पाणी घेतलं आणि उभ्यानं प्यायली. लोकूमलनं तिच्या हातून पेला मागून घेतला आणि तोही प्यायला. मी तिसरा प्यायलो असतो तर बरं झालं असतं. नाही प्यायलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भावाचं पुन्हा पत्र आलं. कॅम्पात नवीन खोल्या वाटणार होते. ज्यांची नावं मागं लागली होती त्यांना आधी. जुनं कार्ड आणा. शेठकडून वाचून घेतलेलं पत्र लोकूमलनं घडी करून खिशात घातलं. अम्मा खाटेवर बसून त्याच्या तोंडाकडं पाहत होती. त्यानं नाही म्हणून मान हलवली. जमिनीपासून उंची दाखवणारा तो हात, अर्ध्यावर आलेला, तिनं मांडीवर ठेवून दिला.

तो हात पाहिला आणि मी उठलो. घरी गेलो, पेटी उघडली. गिरजा म्हणाली, "काय शोधून राह्यले जी?" मी तिला कार्ड दाखवलं. तिनं त्यावरचा शिक्का पाहिला. "देऊन या," एवढंच म्हणाली. "आत्ताच."

मी कार्ड लोकूमलच्या हातात दिलं. तेलाचे डाग होते, पण नाव आणि शिक्का दिसत होता. मी म्हणालो, "म्याच नेलतं. तुह्या खिशातून. तुही करामत कार्डात हाय असं मले वाटलं." त्यानं मान वर केली नाही. मी म्हणालो, "शिवी दे. मार. काही तं बोल बे!"

"अम्मा को क्या बोलूँ?" तो म्हणाला.

"मीच सांगतो."

मी अम्मापुढं जमिनीवर बसलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. कार्ड, खुंटी, पेटी, खोली, पोरं. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं लोकूमलला सिंधीत काहीतरी विचारलं. त्यानं एका शब्दात उत्तर दिलं. अम्मा उठली. भिंत धरत चुलीपाशी गेली. निखाऱ्यावर पापड भाजला. पेल्यात पाणी ओतलं. दोन्ही आणून माझ्यापुढं ठेवलं.

"खाओ, मिस्त्रीजी," ती म्हणाली.

चार वर्षं पुट होतो, आता मिस्त्रीजी झालो. पापड मी खाल्ला. न खाऊन करतो काय? तो दातांखाली एवढा मोठ्यानं वाजत होता की बहिऱ्या लोकूमललाही ऐकू गेला असेल.

ते निघेपर्यंत आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी पत्रा कापून, कानशीनं घासून बारा पट्ट्या केल्या आणि लोकूमलपुढं ठेवल्या. पांडोबा मला माफ करोत. त्यानं एकेक पट्टी बोटांत धरून पाहिली. दोन पट्ट्या बाजूला काढल्या. "ये मोटी हैं," म्हणाला. मी त्या पुन्हा घासल्या. कार्डाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

काडी त्यानं चंद्रभागेला दिली. मला वाटलं होतं, मला देईल. कशाला देईल म्हणा! पण वाटलं होतं.

वर्ध्याच्या मोटारगाडीला त्यांना बसवायला अख्खं जीन आलं होतं. बाया रडत होत्या. अम्मा खिडकीशी बसली, तिनं सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. माझी पाळी आली तेव्हा हात थांबला, मग तिनं नमस्कार केला, आपण परक्याला करतो तसा. गाडी नुसती घरघरायची, सुरू होईना. ड्रायव्हर दोनदा खाली उतरला. लोकूमल अस्वस्थ झाला. काडी तर देऊन टाकलेली. त्यानं काय करावं? खिडकीचा लोखंडी गज दातात धरला आणि डोळे मिटले. लोक हसायला लागले. तो मात्र तसाच, म्हाताऱ्या घोड्यासारखा गज चावत, सगळ्या देवळीला विसरून त्या गाडीचं दुखणं ऐकत बसलेला. मग ओरडून ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. ड्रायव्हरनं झाकण उघडून काहीतरी आवळलं, आणि गाडी सुरू झाली.

मी खिडकीच्या खालीच उभा होतो. चंद्रभागा माझ्या बाजूला, हातात काडी. गाडी हलली तसा लोकूमलनं हात बाहेर काढला आणि गाडीच्या पत्र्यावर दोन ठोके दिले. पहिला जोरात, दुसरा हलका. चालू कर.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला शेठनं नारळ माझ्या हातात दिला. मीरपूरखासवर मी तो फोडला. पुढं कितीतरी वर्षं मी आणि चंद्रभागेनं ते जीन चालवलं, ती काडीनं आणि मी पट्टीनं. आमच्यात सगळं बोलणं झालं, मी तिची माफीही मागितली. पण ते दोन ठोके त्यानं माझ्यासाठी दिले होते की तिच्यासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही.